तांबडा ठिपका

आमच्या बाबांनी २०२२ सालच्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, ती पुन्हा घरी आणलीच नाही. जमा करणं नवीन नव्हतं. आमच्याकडे कुळागर असलेल्या बऱ्याच घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एखादी जुनी बंदूक असते. आचारसंहिता लागली की ती गोणपाटात गुंडाळून ठाण्यावर न्यायची, पावती घ्यायची, निकाल लागले की पावती दाखवून परत आणायची, हा दर निवडणुकीचा शिरस्ता. आई म्हणायची, आमच्या बंदुकीनं जेवढ्या निवडणुका पाहिल्या तेवढ्या आमच्या आमदारानं पाहिल्या नसतील. पण त्या वेळी निकाल लागून दोन महिने झाले तरी बाबा ठाण्याकडे फिरकले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्याला माशी दिसत नाही त्यानं घरात बंदूक ठेवू नये." पुढे कागदपत्रं करून त्यांनी ती परवानाधारक विक्रेत्याला देऊन टाकली आणि विषय संपवला.

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक मणी. मागच्या खाचेतून तो मणी बघायचा आणि मण्यावर सावज किंवा निशाण बसवायचं, झाला नेम. वाचायला सोपं वाटतं. पण यात डोळ्याला तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी एकदम बघाव्या लागतात. खाच वीतभर दोन वितींवर, माशी हातभर पुढे आणि निशाण पार तिकडे. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. तरुणपणी तो इतक्या चपळाईनं पुढेमागे करतो की आपल्याला तिन्ही स्पष्ट दिसल्यासारखं वाटतं. चाळिशी लागली की डोळ्यातलं भिंग ताठरतं आणि ही चपळाई जाते. बाबा त्या वेळी ७९ वर्षांचे होते. म्हणजे चाळिशी लागून तितकीच वर्षं झाली होती.

आमच्या बाबांनी आयुष्यात त्या बंदुकीनं फार काही मारलं असंही नाही. रानडुकरांच्या वेळी हवेत बार काढायचा, माकडांचा कळप केळीत उतरला की आवाज करायचा, इतपतच. पण ती साफ करणं, तेल लावणं, खांद्याला लावून माशी बघणं हा त्यांचा पूजेइतकाच नेम होता. बंदूक गेल्यावर ते कुळागरातही कमी जाऊ लागले. पाटाचं पाणी कुठे वळवायचं ते व्हरांड्यात बसून सांगायचे. आम्हाला वाटलं, वय झालं. त्यांनाही तसंच वाटत असावं.

तर पुढच्या वर्षी माझ्या मुलाला शाळेतल्या मित्रांमुळे नेमबाजीचं वेड लागलं आणि घरात छऱ्याची बंदूक आली. ४.५ मिलिमीटरची, स्प्रिंगची, नळी मोडून ताण द्यायची. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे या मापाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. तरी घरात नियम पहिल्या दिवसापासून कडक. कोणत्याही पाखरावर, माकडावर, खारीवर रोखायची नाही. मांगराच्या मागे दहा मीटर मोजून फळकुटांची पेटी ठेवली, तिच्यात जुन्या चादरी गच्च कोंबल्या, पुढे कागदी निशाण. चिऱ्याच्या भिंतीवर थेट मारलं तर छर्रा उलटून येतो, म्हणून पेटी. आणि डोळ्यांना चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यांनासुद्धा.

पहिल्या रविवारी बाबा खुर्ची घेऊन येऊन बसले. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "आण बघू." नातवानं नळी मोडून, छर्रा घालून हातात दिली. बंदूक खांद्याला लागली आणि त्यांची पाठ सरळ झाली हे मी पाहिलं. गाल लाकडाला टेकला. बराच वेळ तसेच राहिले. मग बार न काढताच बंदूक परत दिली. "धुकं आहे," म्हणाले. एप्रिल महिना होता, सकाळचे दहा वाजले होते.

त्या रात्री मी रेड डॉट साइट शोधायला बसलो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, सिनेमात खलनायकाच्या छातीवर नाचणारा लाल बिंदू तो हा नव्हे. तो लेझर. रेड डॉटमधून बाहेर काहीच जात नाही. छोट्या दुर्बिणीसारखी एक नळी असते, तिच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात एक बारीक एलईडी बसवलेला. तो पुढच्या भिंगावर लाल प्रकाश टाकतो. भिंगाला असा लेप असतो की लाल तेवढं परत फिरतं आणि बाकी दृश्य आरपार दिसतं. शिवाय भिंगाचा बाक असा, की परत येणारे किरण समांतर होऊन डोळ्यात शिरतात. समांतर किरण म्हणजे डोळ्याच्या दृष्टीनं खूप लांबून आलेले. त्यामुळे ठिपका काचेवर न दिसता दूर कुठेतरी हवेत तरंगतोय असं वाटतं. खाच नाही, माशी नाही. निशाणाकडे बघायचं आणि त्यावर ठिपका ठेवायचा. तीनचं काम एकावर येतं.

कल्पना जुनी आहे. डब्लिनचे दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली अशा परावर्तक साइटचं पेटंट घेतलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ती विमानांवर चढली. रायफलवर बॅटरीचा ठिपका घेऊन आली ती स्वीडनची एमपॉइंट कंपनी, १९७५ च्या सुमारास. आता जगभर सैन्यात, पोलिसांत ती सर्रास दिसते. मात्र ऑलिंपिकच्या रायफल नेमबाजीत ती चालत नाही. तिथे बारीक भोकाची मागची साइट आणि पुढे वर्तुळ, बिनभिंगाचं. अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला सुवर्ण मिळवलं ते तसल्याच साइटवर. म्हणून मुलाला मी आधीच सांगून टाकलं, ही आजोसाठी आहे, तुझ्यासाठी नव्हे.

आता प्रश्न पैशांचा. टेक्सासमधल्या माझ्या मावसभावाला विचारलं तर त्यानं उत्साहानं यादी पाठवली. सिग सॉअरची रोमिओ ५, होलोसनची ४०३, बुशनेलची टीआरएस २५. तिकडे या 'स्वस्त आणि मस्त' सदरात मोडतात. शंभर-दीडशे डॉलरच्या आसपास, आणि एमपॉइंटच्या किमतीपुढे खरोखरच स्वस्त. रोमिओमध्ये तर बंदूक हलवली की ठिपका आपोआप पेटतो आणि पडून राहिली की विझतो. "येताना बॅगेत टाकून आणू काय?" त्यानं विचारलं. मी थोडं वाचलं आणि नको म्हटलं. बंदुकीच्या साइट्सवर अमेरिकेच्या निर्यात नियमांची बंधनं आहेत, इकडचं कस्टम वेगळंच. बदामाच्या पाकिटांबरोबर आणायची वस्तू नव्हे ती. आणि खरं सांगायचं तर दहा मीटरवरच्या कागदासाठी दहा-बारा हजार घालवायला मन धजेना.

मग इथलाच बाजार. पंधराशेपासून सुरुवात. जाहिरातीत सगळ्याच 'मिलिटरी ग्रेड'. मी आठवडाभर रात्री बसून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पहिलं म्हणजे पाया. सैनिकी थाटाच्या बहुतेक साइट्स रुंद, वीसेक मिलिमीटरच्या खाचांच्या पट्टीवर बसतात. आपल्या छऱ्याच्या बंदुकीवर असते ती ११ मिलिमीटरची निमुळती खोबण. पाया जुळला नाही तर साइट कितीही चांगली असो, देवघरात ठेवायची. दुसरं उंची. आधुनिक रायफलींसाठी साइट उंच माउंटवर येते. आपल्या लाकडी दस्त्यावर गाल टेकवला तर डोळा तिच्या बराच खाली राहतो आणि मान बगळ्यासारखी उचलावी लागते. कमी उंचीचं माउंट हवं. तिसरं, ठिपक्याचा आकार. तो एमओए या कोनाच्या मापात सांगतात. शंभर मीटरवर एक एमओए म्हणजे साधारण २.९ सेंटिमीटर, दहा मीटरवर २.९ मिलिमीटर. म्हणजे चार एमओएचा ठिपका दहा मीटरवर बारा मिलिमीटरचं काहीतरी झाकतो. स्पर्धेच्या कागदावरचं काळं वर्तुळ साडेतीस मिलिमीटरचं असतं, त्यावर हे चालून जातं. दोनचा मिळाला तर उत्तम, पण म्हाताऱ्या डोळ्याला जरा मोठाच बरा असं मला वाटलं.

पहिली साइट १,८५० रुपयांची. चार एमओए, उजेडाच्या पाच पायऱ्या, लाल-हिरवा दोन्ही. बसवली, पेटवली, डोळा लावला. ठिपका कुठला? स्वल्पविराम होता तो. खाली शेपटी फुटलेली, कडेला दोन शिंगं. मी तसाच तडकलो. विक्रेत्याला लांबलचक तक्रार लिहिली. भिंग वाकडं आहे, ग्राहकाला मूर्ख समजता काय वगैरे, सगळं. त्यानं बिचाऱ्यानं एका शब्दानं वाद न घालता पैसे परत केले. मी दुसऱ्या दुकानदाराकडून दुसरी मागवली, थोडी महाग. तिच्यातही तोच स्वल्पविराम, तीच शेपटी, त्याच दिशेला.

मुलगा शेजारी उभा होता. त्यानं डोळा लावला. "गोल आहे की." मग त्यानं मोबाइलचा कॅमेरा साइटच्या मागे धरला, फोटो काढला आणि मला दाखवला. पोलक्याला लावावी अशी तांबडी गोल टिकली. मग मला म्हणाला, "बाबा, आता तुम्ही मान वाकडी करून बघा." मी मान कलती केली तशी शेपटीही कलली. साइट जागेवर होती, फिरली ती माझी मान. म्हणजे शेपटी माझ्याच डोळ्याची. चष्म्याच्या दुकानात 'सिलिंडर नंबर' म्हणतात ते दृष्टिवैषम्य. माझा चष्मा पाच वर्षांपूर्वीचा. त्या पहिल्या विक्रेत्याला मी नंतर माफीचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मीही त्याच्या जागी असतो तर दिलं नसतं.

हा सगळा तमाशा बाबा खुर्चीतून बघत होते. "आण हांगा," म्हणाले. मी बंदूक दिली. रिकामी, नळी मोडून दाखवून. त्यांनी पेटीच्या दिशेनं धरली, डोळा लावला, आणि विचारलं, "तूं थेंबो म्हणटा काय थेंबे?"

"थेंबो. एकच."

"एक न्हय. तीन आसात."

मी उजेड कमी केला. तीनच. मान कलती करायला सांगितली. तीनच. चष्मा घालून तीन, काढून तीन, आणि सगळ्यांभोवती धुकं. मोबाइल मागे धरून फोटो काढला, त्यांना दाखवला. एक ठिपका, गोल. फोटो त्यांनी डाव्या डोळ्यानं बराच वेळ बघितला. मग साइटमध्ये पुन्हा उजवा डोळा लावला. आम्ही कोणी काही बोललो नाही.

इथे एक सांगायला हवं. गेली सहा वर्षं आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणून विनवत होतो. दर वेळी उत्तर ठरलेलं, "मला दिसतं." त्यांच्या थोरल्या भावाचं फार वर्षांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं आणि शेवटची काही वर्षं त्यांना हाताला धरून न्यावं लागे. ती भीती बाबांनी कधी बोलून दाखवली नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होती. पेपर वाचता येत नाही तर 'पेपरात असतं काय हल्ली', रात्री उंबऱ्याला अडखळले तर 'दिवा कोणी बंद केला'. प्रत्येक गोष्टीला बाहेरचं कारण असायचं. माझ्या स्वल्पविरामालाही मी बाहेरचंच कारण शोधलं होतं, म्हणा. त्या दिवशी मात्र ठिपक्याला कारण सापडेना. फोटोत एक आणि डोळ्यात तीन. संध्याकाळी तुळशीकडे दिवा लावून आल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, "डॉक्टर कुठल्या वारी असतो?"

मोतीबिंदू. उजव्या डोळ्यात पिकत आलेला, डाव्यात सुरुवात. भिंग सगळीकडे सारखं गढूळ होत नाही. काही भागांतून प्रकाश वेगळा वाकतो आणि एकाच डोळ्याला एकाची दोन-तीन चित्रं दिसू शकतात, असं डॉक्टरांनी समजावलं. साइटची गोष्ट सांगितल्यावर ते हसले, पण त्यांनी ती कागदावर लिहून घेतली.

ऑपरेशन बाबांनी चतुर्थीनंतर ढकललं. माटोळी बांधल्याशिवाय हलणार नाही म्हणाले. मधल्या काळात, १ ऑगस्ट २०२४ ला, कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. आम्ही सगळे टीव्हीसमोर. बाबा अगदी पडद्याला नाक लावून. "ह्याच्या बंदुकीवर ठिपका आहे का रे?" नाही म्हटल्यावर समाधानानं मान हलवली. काय समाधान झालं ते त्यांनाच ठाऊक.

त्याच महिन्यात दुसरी साइट वारली. दोनेकशे छऱ्यांतच ठिपका थरथरायला लागला, मग बार काढला की विझायचा. स्प्रिंगच्या बंदुकीची ही खोड मला उशिरा कळली. साधी बंदूक फक्त मागे धक्का देते. स्प्रिंगच्या बंदुकीत जड पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा ती आधी मागे आणि पिस्टन टोकाला थडकला की लगेच पुढे असा दुहेरी हिसका देते. बंदुकीच्या नेहमीच्या धक्क्याला टिकणारी साइटसुद्धा या उलट्या हिसक्यानं खिळखिळी होते, आणि माउंट खोबणीवरून सरकत जातं ते वेगळंच. दुसऱ्या साइटच्या जाहिरातीत लिहिलं होतं 'सर्व रायफलींसाठी'. तिसरी घेताना मी पाच पायऱ्या, दोन रंग काही बघितलं नाही. स्प्रिंगच्या एअर रायफलवर चालेल असं विक्रेत्याकडून लेखी घेतलं, खोबणीत अडणारी खीळ असलेलं बुटकं माउंट घेतलं, स्क्रूंना निळं लॉकिंग औषध लावलं. सगळं मिळून ६,२०० रुपये. आधी मधल्या साइटला गेलेले २,४०० धरले तर मावसभावाच्या यादीतल्या टीआरएसपर्यंत मी पोचलोच होतो. असो.

ऑक्टोबरात ऑपरेशन झालं. वीस मिनिटांचं काम. आदल्या रात्री बाबा झोपले नाहीत, आणि मीही नाही. नवं भिंग दूरचं बसवायचं की जवळचं असं विचारल्यावर त्यांनी क्षणात सांगितलं, "दूरचं. वाचायला चष्मा आहे." नंतरचे दिवस थेंबांचे. डोक्यावरून आंघोळ नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. डॉक्टरांनी मोकळीक दिली आणि डिसेंबरात एका रविवारी ते पुन्हा मांगरामागे आले.

आधी म्हणाले, "ते वरचं काढ. माशीवर बघतो." म्हणजे इतके दिवस मनात ते होतं. मी काढली. त्यांनी डोळा लावला. पेटीवरचा कागद त्यांना लख्ख दिसत होता, पण माशी? नव्या भिंगाला जवळदूर करता येत नाही, हातभरावरची माशी धूसरच राहणार. हे मला आधी सांगता आलं असतं, धीर झाला नाही. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं बंदूक माझ्याकडे देऊन म्हणाले, "घाल परत."

पुन्हा बसवून, ताळ्यावर आणायला अर्धा तास गेला. दस्त्यावर जिथे गाल टेकायचा तिथे मी पायाला लावायची चिकटपट्टी डकवली आहे. कारण स्वस्त साइटमध्ये डोळा मध्यापासून पाच मिलिमीटर सरकला तर दहा मीटरवर नेम चारेक मिलिमीटर सरकू शकतो. या साइट्स दूरच्या अंतराला जुळवलेल्या असतात. गाल दर वेळी पट्टीवर बसला की चूकही दर वेळी तीच, मग ती फिरकीनं काढून टाकता येते.

बाबांनी डोळा लावला. नातवानं विचारलं, "आजो, किती?"

"एक."

पाच छरे. नळी मोडायचं काम नातवाचं. पहिला काळ्याच्या बाहेर, दुसरा कडेवर, मग तीन आत, त्यातले दोन एकमेकांना चिकटून. नातू कागद आणायला धावला. मी बंदूक घेऊन नळी मोडून ठेवली आणि बाबांकडे वळलो, तर ते निशाणाकडे बघतच नव्हते. मान वर करून पाटापलीकडच्या तिसऱ्या माडाकडे बघत होते. त्याच्या वरच्या चुडतांना कात्रीनं कापल्यासारखे तिरके काप गेले होते. गेंडा भुंगा. आम्ही त्या माडाखालून रोज जात होतो.

"कितले दीस जाले हें?" बाबांनी विचारलं. "दोळे धांपून बशिल्ले काय तुमी?" आणि काठी न घेता तसेच पाटाच्या दिशेनं चालायला लागले. मागे वळून ओरडले, "पाडेल्याक फोन कर!"

मी पाडेल्याचा नंबर शोधत त्यांच्यामागे गेलो, मुलगा कागद फडकावत माझ्यामागे. त्या गडबडीत साइट बंद करायची राहिली. पुढच्या रविवारी उघडली तर सीआर २०३२ चा सेल संपलेला.